हौसाबाईची पायताणं

"मी वाचवलं तिला, महाराज. मग ती आता मरायला का टेकलीय?"

मठाच्या पायरीवर बूट काढता काढताच रणधीर विचारत होता.

सदागिरी महाराज स्ट्रेचरचे धुतलेले पट्टे उन्हात वाळत घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठ घाटाच्या पायथ्याला. आसपासच्या वाड्यावस्त्यांना दवाखाना लांब, म्हणून महाराजांनी अंगणात एक रुग्णवाहिका उभी केली होती. पगारी कुणी नाही, सगळे सेवेकरी. त्यांत रणधीर सर्वांत तयारीचा. पुण्याहून प्रथमोपचार शिकून आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा.

"कोण टेकलीय?"

"हौसाबाई. शेजारच्या शिवारात भांगलताना घोणस चावली होती ती. डॉक्टर म्हणतात, विष उतरलंय. ताप नाही, पाय हलतोय. पण भिंतीकडं तोंड करून पडलीय. घोटभर पेज घेत नाही. लेकाला म्हणते, माझं आवरलं आता."

"मग?"

"मग काय, महाराज! असं चाललं तर डॉक्टरांचाही इलाज चालणार नाही म्हणतात. माझं कुठं चुकलं असेल तर सांगा. पाय हलू दिला नाही. वाटेत कुठं थांबू दिलं नाही. नाना तिची पायताणं आणायला बांधाकडं वळले, तर त्यांनाही हाकलून गाडीत बसवलं."

गणूनाना म्हणजे गाडीचे ड्रायव्हर. पेशंटची पायताणं उचलून स्ट्रेचरखाली सारायची, ही त्यांची जुनी खोड. त्यापायी रणधीरनं त्यांना त्या दिवशी चारचौघांत झापलं होतं. आत्ता नाना गाडीची काच पुसत होते. पुसतच राहिले.

महाराजांनी पट्टा झटकला.

"उचलताना काही म्हणाली?"

"पुटपुटत होती काहीतरी. अशा वेळी बरळतात माणसं. मी म्हटलं, आज्जी, बोलू नका."

महाराजांनी स्ट्रेचर अंगणात अंथरलं.

"झोप."

"मी?"

"झोप म्हणतो ना."

रणधीर झोपला. महाराजांनी ओलसर पट्टे त्याच्या छातीवरून, पायांवरून घेऊन आवळले. नानांना खूण केली. दोघांनी स्ट्रेचर उचललं. रणधीर अंगानं चांगला भरलेला, नानांच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"पाठ सरळ ठेवा, नाना," रणधीर झोपल्या झोपल्या म्हणाला. आज उचलण्याचा सराव दिसतोय, असं त्याला वाटलं. आपल्यालाच मधे झोपवून नानांना शिकवताहेत म्हटल्यावर तो जरा खुललाही.

पायरी मागं पडली. फाटक आलं.

फाटकाबाहेर वाट दोन्हीकडं फुटते. डावीकडं डांबरी रस्ता, तालुक्याच्या दवाखान्याकडं जाणारा. उजवीकडं पायवाट, नदीकाठच्या स्मशानात जाणारी.

महाराज उजवीकडं वळले.

"महाराज, इकडं कुठं?"

महाराजांची पावलं थांबली नाहीत.

"नाना, माझे बूट राहिले की पायरीवर."

नाना पुढं बघून चालत होते. वर नुसतं आभाळ हलत होतं. हात पट्ट्याखाली, पाय पट्ट्याखाली. रणधीरनं हात सोडवायला हिसका दिला. खेळ आहे हे कळत होतं, तरी दिला.

"महाराज... माझे बूट..."

"इकडं नेताना कुणी पायताण घेतं का रे?"

एवढं बोलून महाराज चालत राहिले.

हौसाबाईचं पुटपुटणं रणधीरला आत्ता शब्द न् शब्द ऐकू आलं. 'माझी पायताणं... लेकरा, माझी पायताणं राहिली.' त्या दिवशीही ते ऐकू आलं होतं. त्यानंच ते बरळणं ठरवून टाकलं होतं. आणि मग सबंध घाट ती बाई अनवाणी पायांकडं बघत गप्प पडून होती, आणि तो तिला सांगत होता, घाबरू नका. त्याला लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खाली ठेवा," तो म्हणाला.

त्यांनी ठेवलं. महाराजांनी पट्टे सोडले.

"नाना, कुठल्या बांधावर होती हो तिची पायताणं?"

"वरच्या अंगाला. आंब्याखाली." नाना धापा टाकत होते. "आडोशाला काढून ठेवलेली. असतील अजून."

पुढचं ऐकायला रणधीर थांबला नाही. बुटांसाठी फाटकापाशी न वळता तो सरळ शिवाराकडं पळत सुटला.

नाना लगबगीनं पायरीपर्यंत गेले, बूट उचलून हाका मारू लागले.

"आरं ए! समदी खडी हाय तिकडं! बूट तरी घाल!"

महाराज अंगणात येऊन पट्टे पुन्हा उन्हात घालत होते.

"राहू देत ते पायरीवर, नाना. तो परत येणार आहे."