न चालणारं नाणं

फलटणला उषाताई मुळीकांचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. मशीनमध्ये नाणं टाकायचं, पाइप धरायचा आणि आपली गाडी आपणच धुवायची. आधी मशीन पाचची नाणी घ्यायचं. ती टाकता टाकता वयस्कर माणसांची तारांबळ उडायची, म्हणून ताईंनी ते दहाच्या नाण्यावर आणलं.

पण समोरचे किराणावाले नलवडेशेठ दहाचं नाणं दिसलं की "हे चालत नाही" म्हणून परत करायचे. त्यांचं ऐकून साऱ्या बाजारानं ते नाणं घेणं बंद केलं. उरलेली नाणी कुठं खपवायची, या भीतीनं गिऱ्हाइकं ती ताईंकडूनही घेईनात आणि सेंटरवर शुकशुकाट झाला.

एके सकाळी शेठच चिखलानं माखलेली जीप घेऊन आले.

"ताई, आज सुमेधाची पाठवणी आहे. याच जीपमधून तिला शाळेत सोडायचो, सासरीही हिच्यातूनच पाठवणार. ही नोट घ्या आणि दहाची नाणी द्या."

ताई म्हणाल्या, "नाणी ढीगभर आहेत, शेठ. पण ती चालत नाहीत असं तुम्हीच सांगता. लेकीच्या पाठवणीला न चालणारं नाणं तुमच्या हातात कसं ठेवू?"

आजूबाजूच्या दुकानांतली माणसं हसली. शेठ खाली बघत पुटपुटले, "चालतं, ताई."

"बाजाराला ऐकू येऊ द्या की!"

"चालतं! माझ्या दुकानातही चालतं!"

ताईंनी नोट न घेताच ओंजळभर नाणी दिली. पाणी सुरू झालं. मागची सीट पुसताना शेठचा हात थांबला आणि खांदे हलू लागले.

ताईंनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"गाडी मी पुसते. तुम्ही आधी डोळे पुसा, लेक वाट बघत असेल."