यमाजीवरचे दोन आरोप

धारगिरी संस्थानाचे दिवाणजी लोकांची पत्रं वाफेवर उघडून चोरून वाचत. टपालातल्या यमाजी कारकुनाला ते पाहवेना. त्याने भरबाजारात सगळं सांगून टाकलं. झालं, दुसऱ्याच दिवशी त्याला दरबारात उभं केलं.

“महाराज,” दिवाणजी गरजले, “याने धादांत खोटं पसरवलं! वर राज्याचं गुपितही फोडलं! हद्दपार करा याला.”

यमाजीने हात जोडले. “महाराज, मी खोटं बोललो असेन, तर गुपित फुटलं कुठे? आणि गुपित फुटलं असेल, तर मी खोटं बोललो कुठे? यातला कोणता गुन्हा, ते दिवाणजींनीच सांगावं.”

दिवाणजी पागोटं सावरू लागले. महाराजांनी काय ते ओळखलं.

“आजपासून कुणाचं पत्र उघडायचं नाही,” ते म्हणाले. “यमाजी, तुम्ही घरी जा.”

दाराशी उभी असलेली यमाजीची बायको हसत हसत डोळे पुसू लागली.