हत्तीचा पोळा

"उद्या पोळ्याच्या तोरणाखालून पहिला जाणार तो आमचा हत्ती! आणि वर हौद्यात बसणार आम्ही!"

राजे दलपतराव असं गरजले आणि सोमाजी शेतकऱ्याच्या हातातला कासराच गळून पडला. कारण पोळ्याचा पहिला मान आजवर सोमाजीच्या कवड्या बैलाचा. कवड्या आता म्हातारा झालेला, कदाचित त्याचा हा शेवटचाच पोळा.

"महाराज, सण बैलांचा," सोमाजी म्हणाला. "हत्ती घुसवला तर रीत मोडते."

"रीत मोडायची नाही, आणि हत्ती पुढे काढायचा! कसं, ते तुम्ही शोधा. नाही जमलं तर तुमचा कवड्या परवापासून आमच्या तेलघाण्याला!"

गावानं भटजींकडे पाहिलं. भटजींनी पंचांगात डोकं खुपसलं. आता तिथं हत्ती सापडणार होता होय!

एवढ्यात सोमाजीची लेक राही लोणी-हळदीची वाटी घेऊन पुढे आली.

"जमेल की महाराज! पण सगळी रीत करायची हं. आज खांदेमळणी. जू ओढून बैलाच्या खांद्याला जिथं घट्टा पडतो, तिथं मालकानं आपल्या हातानं लोणी-हळद चोळायची."

राजांनी शेजारी उभ्या हत्तीचा खांदा चाचपला. गुळगुळीत!

"अगं, याला घट्टाच नाही!"

"आहे ना. वर पाठीवर, हौद्याचा!"

हौदा उतरला, शिडी लागली. राजे चढले. कोपरापर्यंत लोणी, मिशांना हळद! हत्तीला झाल्या गुदगुल्या. त्यानं पाठ हलवली आणि राजे शिडीला घोरपडीसारखे चिकटले. शिडी प्रधानांनी धरली होती. खरं तर प्रधानांनाच कुणीतरी धरायला हवं होतं, इतके ते हसत होते.

"झालं बाई!" राजे धापा टाकत उतरले. "आता उद्या बसतो हौद्यात!"

"थांबा महाराज, एक रीत राहिली. ज्यानं घट्टा पाडला, ते जू पोळ्याला घरीच ठेवतात. कोपऱ्यात उभं करून हळदकुंकू लावतात. कवड्याचं मी आत्ताच ठेवून आले."

"हात्तिच्या! मग आमचा हौदा ठेवा कोपऱ्यात!"

"रिकाम्या हौद्यानं कुठं घट्टा पडतो, महाराज?"

सगळ्या गावाची नजर हळूहळू राजांच्या पोटावर येऊन थांबली.

"म्हणजे... हत्ती मिरवणार, आणि आम्ही कोपऱ्यात?"

"नुसतं कोपऱ्यात कसं? हळदकुंकू लावू, पुढ्यात पुरणपोळीही ठेवू!"

राजांनी डोळे वटारले. मग गाल फुगले. आणि मग असे खदखदून हसले की हळदीच्या मिशा थरथरल्या!

"पोरी, आम्हालाच जू केलंस की! कवड्याचा मान कवड्याला! जन्मभर त्याची वैरण आमच्याकडून, आणि हे सोन्याचं कडं तुला!"

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून पहिला गेला कवड्या, अंगावर हत्तीची जरीची झूल, जमिनीवर लोळणारी. मागून रिकाम्या पाठीचा हत्ती, डुलत डुलत. आणि त्याची सोंड धरून राजे दलपतराव, पायी, कपाळावर राहीनं लावलेलं ठसठशीत हळदकुंकू!