म्हाताऱ्या गुळव्याची उचकी

फार पूर्वी, म्हणजे ऊस माडाएवढा वाढायचा आणि माणसं थापा मारताना निदान लाजायची तेव्हा, एका गावात एक गुऱ्हाळ होतं. तिथली रस उकळायची काहिल एवढी मोठी, की या काठावरून त्या काठावरच्या माणसाला सकाळी हाक मारली तर त्याची ‘ओ’ जेवणाच्या वेळेला यायची.

त्या काहिलीचा मालक कुणीही असो, राजा एकच. म्हातारा गुळव्या, सगळ्यांचे आबा. उकळता रस नेमका कधी उतरवायचा हे तो सांगायचा. क्षणभर आधी उतरवला तर काकवी, क्षणभर उशीर झाला तर कोळसा. म्हातारा ‘उतरवा!’ म्हणाला की ढेप सोन्यासारखी पडायची.

पुढे त्याचे गुडघे गेले. तीन कोसांवर लेकीच्या गावी तो राहायला गेला आणि जाताना आपल्या हाताखालच्या गड्याला गुळव्या करून गेला.

नवा गुळव्या मोठा निष्ठावान. वीस वर्षं त्याने म्हाताऱ्यावरची नजर काढली नव्हती. म्हातारा उतरवा म्हणण्याआधी तीनदा उजवा कान खाजवायचा. यानेही पहिल्या दिवशी तीनदा उजवा कान खाजवला, तसाच खाकरला आणि गरजला, “उतरवा!”

काकवी झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने कान जरा सावकाश खाजवला. गूळ करपला.

मग गुऱ्हाळात एकच सूर लागला. बैल हाकणारा म्हणे, “आबा असते तर!” रसावरची मळी काढणारा म्हणे, “आबा असते तर!” चुलवाणात जळण घालणारी मावशी बोलत काही नसे, पण असा उसासा टाकी की जाळ वाकडा होई. नवा गुळव्या तर पाठ फिरवून डोळे पुसायचा. त्यालाही आबाच हवे होते.

इकडे तीन कोसांवर म्हाताऱ्याला उचकी लागली. साधीसुधी नव्हे. एकेका उचकीसरशी गोठ्यातली शेळी दावं तोडून पळायची. ना घास गिळता येई, ना डोळा लागे. लेक म्हणाली, “आबा, कुणीतरी फार आठवण काढतंय.”

“काढू दे गं,” म्हातारा म्हणाला आणि मनातून सुखावला. त्यालाही गुऱ्हाळावाचून करमत होतं थोडंच! वारा तिकडून आला की तो अंगणात नाक वर करून बसायचा.

आठव्या दिवशी नवा गुळव्या बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला.

“आबा, चला. जत्रेच्या गुळाची काहिल उद्या चढणार. ती बिघडली तर चुलवाण विझवून सगळ्यांना घरी पाठवतो म्हणालेत मालक.”

“कसा उतरवतोस?” म्हाताऱ्याने उचकी देत विचारलं.

“तुमच्यासारखाच. तीनदा कान खाजवून.”

“अरे गाढवा! कानात चिपाडाचं कुसळ जायचं माझ्या!” म्हातारा हसला. “त्याच्या आधी मी एक फेरी मारायचो. ती नाही पाहिलीस?”

“ती काय, सगळ्यांशी गप्पा मारायला...”

“गप्पा नव्हेत रे. प्रत्येकाला विचारायचो, आज तुला काय दिसतंय?”

गडी खाली मान घालून म्हणाला, “तरी तुम्ही चलाच.”

म्हाताऱ्याने पागोटं उचललं. एक पाय गाडीत टाकला. रसाचा वास जणू नाकाशी आला. मग हळूच त्याने तो पाय पुन्हा जमिनीवर घेतला.

“मी आलो तर उद्याचा गूळ होईल. परवाचं काय? जा, लेका.” आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो मात्र दारातच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी रस उकळू लागला तसा नवा गुळव्या फेरीला निघाला. बैलवाला म्हणाला, “ऊस नदीकाठच्या खारवट मळ्यातला आहे. रस नेहमीसारखा वागायचा नाही.” मळी काढणारा म्हणाला, “फेस अजून दमला नाही.”

मग तो चुलवाणापाशी गेला. “मावशी, तुला काय दिसतंय?”

“मला विचारतोस?” मावशी चपापली. “चिपाडं ओली आहेत बाबा. जाळाला जोर नाही. घाई करशील तर फसशील.”

नव्या गुळव्याचा हात कानाकडे निघाला होता, तो त्याने खाली घेतला. थांबला. सगळ्यांच्या डोळ्यांनी काहिलीकडे बघत राहिला. फेस दमला, मावशीने मान हलवली, तेव्हा तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, “उतरवा!”

ढेप अशी पडली, की शेजारच्या गावात लोकांनी दुसरा सूर्य उगवला म्हणून पुन्हा आंघोळी केल्या. आणि त्या दिवशी कामाच्या भरात ‘आबा असते तर’ असं कुणीच म्हणालं नाही.

तिकडे म्हाताऱ्याची उचकी थांबली.

लेकीने हरखून ताट वाढलं. पण आता गळा मोकळा होता तरी घास उतरेना. “झाला बहुतेक गूळ,” एवढंच तो म्हणाला आणि रस्त्याकडे बघत बसला.

दिवस कलताना नव्या गुळव्याने ऊन ऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. डोळे मिटले.

अंगणात म्हाताऱ्याला उचकी आली. एकच, बारीकशी. शेळीने कानसुद्धा हलवला नाही.

लेक पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

“नको गं,” म्हातारा म्हणाला. “राहू दे ही.”

तात्पर्य: आपल्यावाचून काम अडावं, असं कुणाला वाटत नाही? पण ते अडू नये म्हणून गाडीतला पाय जो मागे घेतो, तोच खरा म्होरक्या. आणि गरज सरल्यावरही आठवण येते ती त्याचीच.