डालग्याबाहेरचा कुत्रा

जनावरं माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. धोंडाई धनगरणीने पाळायला ससा आणला आणि कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून ठेवला. तिचा कुत्रा चित्र्या धावत आला.

“मला खाशील का?” सशाने आतून विचारलं.

“खरं सांगू? माहीत नाही. तू हललास की माझे पाय आपसूक धावतात.”

“चित्र्या गुणी आहे रे. उचलते डालगं,” धोंडाई म्हणाली.

“नको, आई. आधी त्याला रोज इथे बसू दे.”

चित्र्या रोज बसला. आधी भुंकला, मग नुसता हुंगत राहिला. नवव्या दिवशी सशाने आत मुद्दाम चार उड्या मारल्या. चित्र्याने जांभई दिली आणि पाठ फिरवून तो झोपला.

“आता उचल,” ससा म्हणाला.

“अरे, आज तर त्याने तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही!”

“म्हणून तर,” म्हणत ससा बाहेर आला.