टेकाळे गुरुजींची अकरावी

एका गावात एक भोळे हेडमास्तर होते. टेकाळे गुरुजी. साहेबांचा शब्द ते कधी खाली पडू देत नसत. फक्त झेलला की नको तिथे नेऊन ठेवत.

गावात शाळा दहावीपर्यंतच. गुरुजींची लेक मैना यंदा दहावीला. गावात अकरावी उघडली नाही, तर तिचं शिक्षण संपलंच. तालुक्याची एसटी कधी येईल, हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. लेकीसाठी गुरुजींचा जीव तुटत होता.

शिक्षण खात्याचे साहेब आले. म्हणाले, "आधी शाळा सुधारा, मग अकरावीचं बघू. नुसती घोकंपट्टी नको. पोरांच्या हाताला काम द्या!"

"देतो साहेब."

सहामाही परीक्षा आली. गुरुजींनी प्रश्नपत्रिका कपाटात ठेवल्या आणि पोरांच्या हाती कुदळी दिल्या. गणिताच्या पेपरात निम्मी विहीर खणून झाली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, अशा वेळी पोरांना रांगेत बसवायचं आणि गुपचूप लिहायला लावायचं!"

"पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी सुतारकाम शिकवायला नामदेव मिस्त्री आले. गुरुजींनी पोरांना रांगेत बसवलं. मिस्त्रींनाही बसवलं. सगळ्यांनी गुपचूप लाकडावर निबंध लिहिला. मिस्त्रींचा रंधा पिशवीतच राहिला.

साहेब ओरडले, "बाहेरचा माणूस आला की आधी त्याने करून दाखवायचं, मग पोरांनी तेच करायचं!"

"पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी धनुर्वाताची सुई टोचायला डॉक्टर आले. त्यांनी पहिल्या पोराला टोचली. गुरुजी म्हणाले, "छान. आता पोरांनो, एकेकाने डॉक्टरांना." डॉक्टर कुंपणावरून उडी मारून गेले. बॅग अजून शाळेतच आहे.

साहेबांचा आवाज बसला होता. "अहो, अशा वेळी ओळीत उभं करायचं, डोळे बघायचे, जीभ बघायची आणि ठणठणीत असेल त्याला घरी पाठवायचं! आता सोमवारी मंजुरीची समिती येतेय. ही शेवटची संधी."

"साहेब, काळजीच सोडा."

सोमवारी मैनाने शाळेच्या दारात रांगोळी काढली. समितीचे तिघे जीपमधून उतरले. गुरुजींनी त्यांना ओळीत उभं केलं. पापण्या खाली ओढून डोळे बघितले. जिभा बघितल्या. मग तिघांनाही जीपमध्ये बसवून बाहेरून दार लावलं. जीप धुरळा उडवत निघून गेली.

मैना धावत आली. "बाबा, मिळाली का अकरावी?"

"अगं, तेच काहीतरी सांगायला अध्यक्षांनी तोंड उघडलं होतं," गुरुजी आनंदाने म्हणाले, "तेवढ्यात मी जीभ बघून घेतली. एकदम गुलाबी!"