चिखलाचा जहागीरदार

फार वर्षांपूर्वी जर्मनीच्या उत्तरेला उल्रिख नावाचा एक लहानसा उमराव राहत होता. उमराव म्हणायचा एवढंच. वडिलांकडून त्याला वारशात मिळाली होती एक मोठी दलदल आणि तिच्या काठावरचं गळकं घर. दलदलीत पीक येत नसे. आसपासचे श्रीमंत सरदार त्याला हसून ‘चिखलाचा जहागीरदार’ म्हणायचे.

मग त्याचं नशीब पालटलं. त्याच्या काकांची मोठी जहागीर होती. काकांचा एकुलता एक मुलगा वोल्फराम लढाईवर गेला, तो परतलाच नाही. त्या दुःखात काका वारले आणि सगळी जहागीर उल्रिखकडे आली. बायको हेडविग आणि दोन मुलींना घेऊन तो काकांच्या गढीत राहायला गेला.

काकांची निम्मी जमीनही पाण्याखालीच होती. उल्रिख काही ऐतखाऊ नव्हता. त्याने चर खणणाऱ्या एका म्हाताऱ्याला गुरू केलं. पाणी कुठून येतं, कुठे जायला बघतं, चराला उतार किती द्यायचा, हे सगळं तो गुडघाभर चिखलात उभा राहून शिकला. सात वर्षांत त्या जमिनीवर जव डोलू लागला.

आठव्या वर्षी, ऐन सुगीत, गढीच्या दाराशी एक लंगडा माणूस आला. तोफेच्या दारूने त्याचा चेहरा भाजला होता, आवाज घोगरा झाला होता. आपण वोल्फराम आहोत, असं तो म्हणाला. नोकर हसले. असे दोन तोतये याआधीही येऊन गेले होते. उल्रिखलाही तो तिसरा तोतयाच वाटला. तरी भुकेला माणूस म्हणून त्याने त्याला पाव आणि सूप वाढायला सांगितलं.

त्या माणसाने पावाचं कडक टोक आधी तोडलं आणि नकळत खिशात टाकलं.

उल्रिखने ते पाहिलं. लहानपणी वोल्फराम रोज हेच करायचा. ते टोक तो घोड्याला नेऊन द्यायचा. काका रागावतील म्हणून ही गोष्ट दोघा भावांनी कुणालाच सांगितली नव्हती.

प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्या माणसाला बरंचसं आठवत नव्हतं. गावच्या धर्मगुरूने त्याला ओळखलं नाही, आणि जुने नोकर कधीच मरून गेले होते. शेवटी न्यायाधीशांनी सांगितलं की, उल्रिख रक्ताचा नातेवाईक आहे, तो म्हणेल तसा निकाल होईल.

साक्षीच्या आदल्या दिवशी उल्रिखने बायकोला पावाची गोष्ट सांगितली. हेडविग म्हणाली, “तुम्ही खोटं बोलू नका. नुसतं म्हणा, ओळखता येत नाही. त्याचा चेहरा कुणालाच ओळखता येत नाही. आणि ही जमीन तुम्ही कसलीत, त्याने नाही. मुलींचा तरी विचार करा.”

“कसली मी, पण जमीन त्याची आहे,” उल्रिख म्हणाला. “उद्या मी गप्प बसलो, तर तो जिवंतपणी मेलेला राहील. आणि त्याला मारणारा मी असेन.”

हेडविग उठली आणि मुलींचे कपडे पेटीत भरू लागली.

दुसऱ्या दिवशी उल्रिखने भरल्या न्यायालयात सांगितलं, “हा माझा चुलतभाऊ वोल्फराम आहे.” पुरावा म्हणून त्याने पावाच्या टोकाची गोष्ट सांगितली. ती ऐकताना वोल्फराम मान खाली घालून रडत होता.

निकाल झाला. वोल्फराम निम्मी जहागीर द्यायला तयार होता, पण उल्रिखने ती घेतली नाही. आपलं फावडं खांद्यावर टाकून तो बायको आणि मुलींसह वडिलांच्या दलदलीकडे निघाला. चर खणणारा म्हाताराही आपणहून त्याच्यामागे आला.

पहिल्या वर्षी पावसाने सगळे चर ढासळले. गावातली माणसं काठावर उभी राहून हसली. दुसऱ्या वर्षी म्हातारा वारला. उल्रिखने त्याला टेकडीवर पुरलं, एक दिवस काम थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरला. हेडविग आणि मुली टोपल्यांनी चिखल वाहत होत्या. चौथ्या वर्षी त्याला कळलं की, टेकडीखालचा एक झरा सगळी जमीन भिजवत होता. त्याने झरा ओढ्याकडे वळवला. पाचव्या वर्षी पहिला जव आला. मग हसणारेच कसायला जमीन मागायला आले, आणि त्याने ती दिली.

एकदा वोल्फराम ते शेत पाहायला आला. तो म्हणाला, “मला मूलबाळ नाही. माझ्यामागे सगळं पुन्हा तुझंच होणार आहे.”

उल्रिखने हात पुसले. “तू शंभर वर्षं जग,” तो म्हणाला. “मला आजवर जे मिळालं, ते कुणी ना कुणी गेल्यावर मिळालं. दलदलसुद्धा. हे शेत मात्र आम्ही चिखलातून काढलं, ते कुणाच्या मरणाने आलेलं नाही.”

मग दोघे भाऊ बांधावर बसून जेवले.

तात्पर्य: दुसऱ्याचं ते निर्भयपणे परत करावं; हातांनी शिकलेलं काम मात्र कुणी हिरावून घेऊ शकत नाही.